उन्हाळी लागली की युरिन इन्फेक्शन झालं?

उन्हाळा तापायला लागला की या सदराच्या टपालात एकाच तक्रारीची पत्रं वाढतात. लघवीला जळजळ, सारखी लागते पण थेंबभरच होते, ओटीपोट दुखतं. घरातल्या जुन्या बायका याला 'उन्हाळी लागली' म्हणतात, लॅबच्या कागदावर 'यूटीआय', म्हणजे मूत्रमार्गाचं इन्फेक्शन, असं लिहिलेलं असतं. ही दोन्ही नावं दर वेळी एकाच दुखण्याची नसतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. या वेळची उत्तरं एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक आयुर्वेद वैद्य, अशा दोघींनी मिळून दिली आहेत. जिथे दोघींचं जुळलं नाही, तिथे तसं लिहिलं आहे.

मी बार्शीजवळच्या गावात शिक्षिका आहे. शाळेत बायकांसाठी एकच स्वच्छतागृह, त्यालाही पाणी नाही. म्हणून सकाळी साडेनऊनंतर मी पाणीच पीत नाही, थेट घरी आल्यावर साडेपाचला जाते. वर्षभरात तीनदा इन्फेक्शन झालं. शाळेतल्या घाणीतूनच लागण होत असेल का?

नाही. स्वच्छतागृहात गेल्यामुळे नव्हे, तिथे जायचं टाळल्यामुळे तुम्हाला त्रास होतोय. दहापैकी सात-आठ वेळा या दुखण्याला कारण असतो ई. कोलाय नावाचा जंतू, आणि तो आपल्याच आतड्यातला रहिवासी आहे. गुदद्वारापासून मूत्रमार्गाच्या तोंडापर्यंत बाईच्या शरीरात अंतर थोडं, आणि तिथून आत मूत्राशयापर्यंतची नळी जेमतेम ४ सेंटीमीटर. पुरुषात हीच नळी २० सेंटीमीटरच्या आसपास असते. म्हणजे जंतू अधूनमधून आत शिरणारच. ते वाहून टाकायचं काम लघवी करते.

अनुकूल स्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. कागदावर हिशोब मांडला तर चार तासांत एकाचे चार हजार. तुम्ही आठ तास थांबता, वर पाणीही पीत नाही, त्यामुळे मूत्राशयात येणारी लघवी थोडी आणि घट्ट. जंतूंना बाहेर काढणारं कुणीच नाही.

पाण्याचा उपाय फार साधा वाटतो म्हणून लोक तो मनावर घेत नाहीत. बल्गेरियात वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरहून कमी पिणाऱ्या १४० बायकांवर याची रीतसर चाचणी झाली, निष्कर्ष २०१८ मध्ये छापले गेले. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जादा दिलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. औषधाविना इतका फरक पडणं ही लहान गोष्ट नाही.

तुमच्या दिवसात हे असं बसवा. उठल्यापासून आठ वाजेपर्यंत अर्धा लिटर, आणि घरून निघण्याआधी एकदा जाऊन यायचं. अर्धा लिटरची एक बाटली मधल्या सुट्टीपर्यंत संपवायची, दुसरी शाळा सुटेपर्यंत. उरलेलं घरी, पण झोपायच्या दोन तास आधी थांबायचं. दिवसाला दोन ते अडीच लिटर, मे महिन्यात त्याहून जास्त. मोजमाप लघवीच्या रंगाचं ठेवा. फिकट पिवळी हवी, गडद तांबूस नको. साडेपाचची वाट न बघता दर तीन तासांनी जायचं. शाळेत पाणी नसेल तर जाताना एक लिटरची वेगळी बाटली घेऊन जा.

आणखी एक सवय मोडायला हवी. कमोडची बैठक घाण म्हणून बऱ्याच जणी अर्धवट उभ्या राहून लघवी करतात. त्या स्थितीत ओटीपोटाखालचे स्नायू ताठ राहतात आणि मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर टाचा टेकवून पूर्ण बसा. कमोड असेल तर बैठक पुसून घ्या, पावलं जमिनीला टेकवा, कोपरं मांडीवर ठेवून थोडं पुढे झुका. झाल्यावर वीस-तीस सेकंद थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करा, राहिलेली निघून जाते. बैठकीवरून हे इन्फेक्शन लागत नाही. ती भीतीच जास्त नुकसान करते.

जेट स्प्रेबद्दल सहसा कुणी बोलत नाही. शौचानंतर मागून पुढे जोरात फवारा मारला की मळाचा अंश सरळ पुढे ढकलला जातो. पाण्याची धार पुढून मागे, बेताच्या जोराने. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक टाकून आतून धुणं, सुगंधी 'इंटिमेट वॉश' वापरणं बंद करा. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जंतू ३.८ ते ४.५ पीएच, म्हणजे तिथला आंबटपणा, राखून पहारा देत असतात. साबणाने पहिल्यांदा तेच मरतात.

बाकी, शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांनी मिळून पाण्याच्या नळासाठी लेखी अर्ज द्या. मुंबईत २०११ पासून बायका 'राइट टू पी' म्हणत याच हक्कासाठी भांडत आल्या आहेत. हा दवाखान्याबाहेरचा असला तरी इलाजच आहे.

सासूबाई धने-जिऱ्याचं पाणी देतात, मिस्टर मेडिकलमधून लघवीची जळजळ थांबवणारं सिरप आणतात आणि शेजारीण खायचा सोडा घ्यायला सांगते. नेमकं काय घ्यावं? — गृहिणी, इचलकरंजी

आधी किती वेळ थांबायचं ते ठरवा. उन्हातून आल्यावर, घाम खूप गेल्यावर लघवी घट्ट होते आणि नुसतीच जळजळते. ही खरी 'उन्हाळी'. भरपूर पाणी प्यायल्यावर दिवसभरात ती उतरते. दुसऱ्या दिवशीही जळजळ तशीच असेल, सारखी घाई लागत असेल, लघवी गढूळ किंवा लालसर असेल, तर इन्फेक्शन धरून चला आणि तपासणी करा. ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर, थंडी वाजणं, बरगडीखाली पाठीत दुखणं किंवा उलट्या, यातलं काहीही असेल तर जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले असण्याची शक्यता असते. तिथे घरगुती उपायांत एक दिवसही घालवायचा नाही. गर्भवती, मधुमेही आणि मुतखडा असलेल्या बायकांनी तर पहिल्याच दिवशी दाखवावं.

सासूबाईंचं पाणी चालेल. एक चमचा धने आणि अर्धा चमचा जिरं रात्री पेलाभर पाण्यात भिजवून सकाळी गाळून घ्यायचं. जवाचं पाणीही उत्तम. दोन मोठे चमचे जव धुऊन एक लिटर पाण्यात मंद आंचेवर अर्धा तास उकळायचे, गाळून दिवसभर थोडंथोडं प्यायचं. साखर घालू नका, मिठाची चिमूटही पुरे. याने जंतू मरत नाहीत. नुसतं पाणी नकोसं वाटणारी बाई यामुळे लिटरभर जास्त पिते, हा यातला खरा फायदा. ओटीपोटावर कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटं ठेवली की कळ कमी होते.

सिरपची गोष्ट वेगळी. त्यात बहुधा डायसोडियम हायड्रोजन सायट्रेट असतं, ते लघवीचा आंबटपणा घालवतं. जळजळ थोडी कमी झाल्यासारखी वाटते, इन्फेक्शन जागेवरच राहतं. मुख्य अडचण पुढे आहे. या दुखण्यावर नेहमी दिलं जाणारं नायट्रोफ्युरँटोइन आंबट लघवीत चांगलं काम करतं. एका हाताने ते आणि दुसऱ्या हाताने सिरप घेतलं तर एक औषध दुसऱ्याचा जोर कमी करतं. दोन्ही एकाच चिठ्ठीत लिहिलेली असतील तर डॉक्टरांना जरूर विचारा. सोडा तर नकोच. चमचाभर सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम जातं, रक्तदाब असलेल्या बाईला ते महागात पडेल.

तिखट-आंबट बंद करावं का, यावर आम्हा दोघींचं जुळलं नाही. वैद्यांच्या मते ही पित्ताची तक्रार, म्हणून मिरची, लोणची, दही आठवडाभर बंद, ताक चालेल. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मते खाण्याने जंतू वाढत नाहीत. पण सुजलेल्या मूत्राशयाला चहा, कॉफी आणि तिखट झोंबतं हे त्यांनाही मान्य आहे. म्हणजे आठवडाभर चहा कमी करावा यावर दोघी एक.

लग्नाला चार महिने झाले. संबंधानंतर एक-दोन दिवसांत दर वेळी हा त्रास होतो. मिस्टरांचीही तपासणी करायची का? सासरी सांगायची लाज वाटते. — पुणे

लाजण्यासारखं यात काही नाही, आणि हा नवऱ्याकडून आलेला आजारही नाही. संबंधाच्या वेळी तुमच्याच त्वचेवरचे जंतू मूत्रमार्गात ढकलले जातात. मिस्टरांना काही लक्षण नसेल तर त्यांना औषध नको. नंतर पंधरा मिनिटांत लघवीला जाऊन या, आधी पेलाभर पाणी पिऊन ठेवलं तर सोपं जातं. याचा पुरावा फार भक्कम नाही, पण खर्चही काही नाही. शुक्रजंतू मारणारं जेल किंवा तसं औषध लावलेला कंडोम वापरत असाल तर तो बदला. त्यातलं रसायन उपकारक जंतूंनाही मारतं. कोरडेपणा असेल तर पाण्यावर आधारित वंगण वापरा, खोबरेल तेल लॅटेक्सच्या कंडोमबरोबर नको. एवढं करूनही थांबलं नाही, तर संबंधानंतर अँटिबायोटिकचा एकच छोटा डोस हा मान्य उपाय आहे. तो डॉक्टरांनी ठरवून द्यायचा. खाज, दुर्गंधी किंवा वेगळा स्राव असेल तर मात्र हे उत्तर बाजूला ठेवा आणि तपासून घ्या.

मुलगी न्यू जर्सीहून क्रॅनबेरीच्या आणि डी-मॅनोजच्या गोळ्या पाठवते. त्याऐवजी कोकणातली करवंदं खाल्ली तर चालेल का? — रत्नागिरी

क्रॅनबेरीत थोडं तथ्य आहे. २०२३ मध्ये ५० चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बायकांत पुन्हा होण्याची शक्यता त्याने साधारण २६ टक्क्यांनी कमी झाली. वृद्धाश्रमातल्या वयस्कांना आणि गर्भवतींना फायदा दिसला नाही. त्यातले प्रोअँथोसायनिडिन नावाचे घटक ई. कोलायला मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत. बाटलीवर त्यांचं प्रमाण ३६ मिलिग्रॅम रोज असं लिहिलेलं बघा, नुसतं 'क्रॅनबेरी ५०० मिलिग्रॅम' या आकड्यावरून काही कळत नाही. सुरू असलेलं इन्फेक्शन याने बरं होत नाही. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेत असाल किंवा ऑक्झलेटचे मुतखडे झाले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. बाजारातला गोड ज्यूस म्हणजे मुख्यतः साखरपाणी.

डी-मॅनोज ही एक प्रकारची साखर, तिच्यावर पैसे घालवू नका. ब्रिटनमध्ये ५९८ बायकांना सहा महिने रोज २ ग्रॅम डी-मॅनोज किंवा तशीच दिसणारी, औषध नसलेली पूड दिली. २०२४ मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक निघाला नाही.

करवंदं जरूर खा, पण करवंदं म्हणूनच. काही ठिकाणी ती 'इंडियन क्रॅनबेरी' म्हणून विकली जातात, प्रत्यक्षात झाडाचं कुळच वेगळं. करवंद कण्हेरीच्या कुळातलं आहे. क्रॅनबेरीचे निष्कर्ष त्याला लावता येत नाहीत.

वय ६२, नागपूर. पाळी जाऊन बारा वर्षं झाली. दीड वर्षात पाच कोर्स झाले, अँटिबायोटिक बंद केलं की महिन्याभरात पुन्हा तेच. शिवाय लक्षण नसतानाही तपासणीत जंतू दिसतात.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. त्रास नसताना लघवीत जंतू सापडले तर या वयात त्यावर उपचार करायचे नसतात. उपचार केल्याने पुढचं इन्फेक्शन टळत नाही, उलट औषधाला दाद न देणारे जंतू मागे राहतात. अपवाद दोनच, गर्भारपण आणि मूत्रमार्गावरची शस्त्रक्रिया. म्हणून लक्षण नसताना 'जरा बघू या' म्हणून कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी, करणं बंद करा. पाचांपैकी किती कोर्स नुसत्या रिपोर्टवरून झाले, तेही तपासून बघा.

खऱ्या त्रासाचं मूळ बहुधा इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी होण्यात आहे. पाळी गेल्यावर योनीचं अस्तर पातळ होतं, लॅक्टोबॅसिलस कमी होतात, पीएच वाढतो म्हणजे आंबटपणा घटतो, आणि आतड्यातले जंतू तिथे वस्ती करतात. यावर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम हा आमच्या मते सगळ्यात कमी वापरला जाणारा चांगला उपाय आहे. इस्राएलमध्ये ९३ बायकांवर झालेल्या आणि १९९३ मध्ये छापलेल्या चाचणीत एस्ट्रिऑल क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा इन्फेक्शन झालं, औषध नसलेलं नुसतं मलम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. प्रमाण असं: ०.५ मिलिग्रॅम रोज रात्री दोन आठवडे, पुढे आठवड्यातून दोनदा. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत सोडून देणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. रक्तात फार थोडं जातं. तरी स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर त्या डॉक्टरांची संमती हवी, आणि पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेलं असेल तर आधी त्याची तपासणी.

सोबत एक सोनोग्राफी करा, त्यात लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते ते मोजायला सांगा. अंग बाहेर येत असेल तर तळाशी लघवी साठून राहते. बद्धकोष्ठानेही मूत्राशयावर दाब येतो. रात्री एक चमचा इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्या. क्रीमनेही भागलं नाही तर मेथेनामाइन हिप्पुरेट १ ग्रॅम दिवसातून दोनदा, हा अँटिबायोटिक नसलेला पर्याय डॉक्टरांना विचारा. ब्रिटनमध्ये २४० बायकांवर केलेल्या चाचणीत तो रोजच्या छोट्या अँटिबायोटिक डोसच्या तोडीस तोड ठरला. पण तेव्हाही वर सांगितलेलं सायट्रेट सिरप नको.

पाचवा महिना चालू आहे. काहीच त्रास नाही, पण कल्चरमध्ये ई. कोलाय आला. गोळ्या टाळून नारळपाण्यावर भागेल का? — ठाणे

भागणार नाही. आधीच्या उत्तरात सांगितलेला अपवाद तो हाच. गर्भारपणात लक्षण नसलं तरी उपचार करावाच लागतो, नाहीतर जंतू मूत्रपिंडापर्यंत चढण्याची आणि दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याची भीती असते. गर्भारपणात चालणाऱ्या गोळ्या आहेत. कोर्स संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा कल्चर करा. काढे आणि भस्मं नकोत, यावर वैद्यबाईंचाही तितकाच जोर आहे. नारळपाणी चवीसाठी प्या.

मधुमेहासाठी नवीन गोळी सुरू झाल्यापासून लघवी करताना आग होते आणि खूप खाज सुटते. इन्फेक्शनच्या दोन कोर्सनी काहीच फरक नाही. — सोलापूर

स्वतःला एक प्रश्न विचारा. आत ओटीपोटात जळतं, की लघवी बाहेरच्या त्वचेला लागल्यावर जळतं? बाहेर जळत असेल, खाज असेल आणि दह्यासारखं पांढरं जात असेल तर ही बुरशी आहे. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर काढतात, आणि त्या साखरेवर बुरशी पोसते. अँटिबायोटिकने तर ती वाढते, कारण तिला आवर घालणारे जंतू मरतात. क्लोट्रिमाझोलच्या योनीत ठेवायच्या गोळीने ती बरी होते. बुरशीवरच तोंडाने घ्यायचं फ्लुकोनाझोल साखरेच्या काही गोळ्यांचा जोर वाढवून साखर एकदम खाली आणू शकतं, तेव्हा ते मनाने घेऊ नका. दर लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा, सुती कपडे वापरा. मधुमेहाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, मात्र वारंवार असं झालं तर बदलून मागा. आणि जांघेत सूज, तीव्र वेदना, ताप आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

दर वेळी लघवीत 'पस सेल्स' (पू-पेशी) भरपूर येतात, पण कल्चरमध्ये 'नो ग्रोथ' किंवा 'मिक्स्ड ग्रोथ'. चंद्रप्रभा वटी आणि गोक्षुरादि गुग्गुळ सहा महिने घेतले. आता काय? — नाशिक

'मिक्स्ड ग्रोथ' म्हणजे नमुना बिघडला. सोबत 'एपिथेलियल सेल्स' भरपूर लिहिल्या असतील तर खात्रीच, त्वचेवरच्या पेशी आणि जंतू डबीत उतरले. नमुना असा द्या. निदान चार तास लघवी साठलेली असावी, सकाळची पहिली उत्तम. अँटिबायोटिकची पहिली गोळी त्याआधी पडलेली नसावी. हात धुवा, जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुऊन घ्या, बोटांनी ओठ बाजूला करून धरा. पहिली धार सोडून द्या, मधली वीस-तीस मिलिलिटर थेट निर्जंतुक डबीत घ्या. डबीच्या काठाला किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला स्पर्श नको. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा, नाहीच जमलं तर फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांच्या आत. घरी स्टीलच्या वाटीत घेऊन डबीत ओतलेला नमुना फुकट जातो. आणखी एक, लॅब मिलिलिटरमागे १ लाख जंतूंच्या खालचा आकडा कधीकधी सोडून देते. लक्षणं असतील तर हजाराचा आकडाही खरा असू शकतो, डॉक्टरांना ते दाखवा.

नमुना नीट देऊनही पस सेल्स भरपूर आणि वाढ शून्य, असं दोन-तीनदा झालं तर आपल्या देशात क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. मूत्रमार्गाच्या टीबीत खोकला नसतो, कधी वजनही घटत नाही. सलग तीन सकाळच्या पहिल्या लघवीचे नमुने टीबीसाठी द्यावे लागतात, त्यावर टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी होते. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. मुतखडा आणि संबंधातून पसरणारा क्लॅमिडिया हीही कारणं याच रांगेत बसतात, म्हणून सोनोग्राफी सोबत करा.

आता गुग्गुळाचं. गोक्षुर म्हणजे सराटे, त्याला आयुर्वेदात मूत्रकृच्छ्राच्या, म्हणजे लघवी कष्टाने होण्याच्या, औषधांत मानाचं स्थान आहे. आमच्या वैद्यबाई ते इन्फेक्शन नसतानाच्या काळात, नाडी-प्रकृती बघून, ठरावीक मुदतीसाठी देतात. कारण न शोधता सहा महिने घेणं त्यांनाही पटत नाही. चंद्रप्रभेत लोहभस्म आणि शिलाजित असतं, त्यामुळे बाटलीवर उत्पादन परवाना क्रमांक आणि जड धातूंच्या तपासणीचा उल्लेख बघून घ्या, सुटी पुडी घेऊ नका. टीबी निघाला तर निदान चुकलेल्या अवस्थेत घालवलेला प्रत्येक महिना मूत्रनळी आकसवतो आणि मूत्रपिंड निकामी करत जातो. वटी थांबवा, आणि उद्या सकाळच्या पहिल्या लघवीपासून नमुने द्यायला सुरुवात करा.